एसेनच्या मेळ्यात खुर्ची कशी मिळवावी: पहिल्यांदाच ‘श्पील’ला जाणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी जर्मनीतल्या एसेनच्या ‘श्पील’ या बोर्डगेमच्या मेळ्यात शिरलो, एका टेबलापाशी रिकामी खुर्ची दिसली आणि सवयीने तिच्यावर सॅक टाकली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी. म्हटलं जागा धरली, आता जरा आजूबाजूला चक्कर मारून येऊ. पाच मिनिटांनी परतलो तर सॅक टेबलाखाली नीट उभी करून ठेवलेली आणि खुर्चीवर एक जर्मन आजोबा पत्ते पिसत बसलेले. खेळ समजावणारी मुलगी हसून म्हणाली, “इथे पिशवी नाही खेळत, माणूस खेळतो. पुढचा डाव पन्नास मिनिटांनी.”

या मेळ्यात खेळांना तोटा नाही, पैसे उडवायच्या जागांनाही नाही. तुटवडा एकाच गोष्टीचा: बसायला खुर्ची. म्हणून तिकीट कुठल्या दिवसाचं काढायचं, मुक्काम कुठे करायचा, यादी केवढी करायची, जेवायचं कधी, हे सगळं मी खुर्चीच्याच हिशोबाने सांगणार आहे.

हे नेमकं आहे काय

‘श्पील’ म्हणजे जर्मनमध्ये खेळ. एसेन हे जर्मनीच्या रूर भागातलं, एके काळी कोळसा आणि पोलादावर जगलेलं शहर. तिथे १९८३ पासून दर वर्षी हा मेळा भरतो. हल्ली तो ऑक्टोबरात, गुरुवार ते रविवार, ‘मेसे एसेन’ या प्रदर्शन केंद्रात असतो. २०२४ मध्ये चार दिवसांत दोन लाखांहून जास्त लोक आले आणि नऊशेहून जास्त स्टॉल लागले होते.

अमेरिकेतल्या ‘जेन कॉन’सारख्या खेळांच्या मेळ्यात बऱ्याच खेळांच्या बैठकांची तिकिटं आधी घ्यावी लागतात. एसेनला तसं फारसं नाही. प्रकाशक आपला नवा खेळ टेबलावर मांडून बसतो. तुम्ही जायचं, जागा असेल तर बसायचं. तो नियम सांगतो, तुम्ही खेळता, आवडलं तर विकत घेता, नाही तर आभार मानून उठता. फुकट. त्यामुळेच खुर्चीवर सगळ्यांचा डोळा.

आपण काही परक्या मांडवात चाललेलो नाही, हेही सांगून ठेवतो. जर्मनीत घरोघरी असलेला ‘मेन्श एर्गरे डिख निष्ट’, म्हणजे ‘माणसा, चिडू नकोस’, हा खेळ आपल्या पच्चिशीच्याच कुळातला. १९१४ पासून तो तिथे छापून विकला जातोय. त्या पटावरच्या सोंगट्या पाहिल्या की आजीचा सारीपाट आठवतो, आणि नाव वाचलं की रडीचा डाव खेळणारा धाकटा भाऊ.

तिकीट, व्हिसा, मुक्काम

तिकीट ऑनलाइन मिळतं आणि ते त्या-त्या दिवसाचं असतं. दारावर जाऊन काढू, हा विचार सोडा. गर्दीच्या दिवसांची तिकिटं आधीच संपू शकतात. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७, रविवारी ६ पर्यंत.

एकच दिवस जमत असेल तर माझं मत शुक्रवार. गुरुवारी अट्टल खेळाडू तुटून पडतात. मर्यादित प्रती असलेले खेळ त्यांना पहिल्या दोन तासांत हवे असतात. शनिवारी अख्खं जर्मनी मुलाबाळांसह येतं, तेव्हा खुर्चीचं नावच काढू नका. रविवारी दुपारनंतर गर्दी ओसरते आणि काही स्टॉलवाले परत न्यायचा माल कमी भावात काढतात. दोन दिवस जमत असतील तर शुक्रवार आणि रविवार घ्या.

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, सोबत किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा मिळणं अवघड होतं, म्हणून ऑक्टोबरसाठी मे-जूनमध्येच हालचाल सुरू करा.

मेळ्याच्या आठवड्यात एसेनमधल्या हॉटेलांचे भाव आकाशाला भिडतात. एसेनचाच हट्ट कशाला? ड्युसेलडॉर्फ, डुइसबुर्ग, बोखुम, सगळी शहरं एकाच रेल्वेमार्गाच्या आसपास आहेत. ड्युसेलडॉर्फहून एसेन रिजनल गाडीने साधारण अर्धा तास. एसेनच्या मुख्य स्टेशनात उतरलात की खाली जाऊन यू-११ ही मेट्रो पकडा, ती थेट मेसेपाशी सोडते. गाडीत चढल्यावर आपण बरोबर चाललोय का, ही शंका येणार नाही. अर्ध्या डब्याच्या खांद्यावर आयकियाची ती मोठी निळी पिशवी असते. तोच इथला गणवेश. जर्मन गाड्या वेळेवर धावतात हा गैरसमज मात्र घरीच ठेवून या. पहिल्या दिवशी एक गाडी आधीची पकडा.

यादी: आठ खेळांची, ऐंशींची नाही

आता साधा हिशोब करू. मध्यम अवघड खेळाचे नियम ऐकायला वीस-पंचवीस मिनिटं, खेळायला तासभर आणि त्याआधी खुर्चीची वाट बघायला अर्धा तास. झाले दोन तास. नऊ तासांत फार तर चार खेळ, तेही पाय साथ देत असतील तर. दोन दिवसांचे आठ. मेळ्यात दर वर्षी शेकडो नवे खेळ येतात. म्हणजे तुमचं खरं काम नव्वद टक्क्यांहून जास्त खेळांना आधीच ‘नाही’ म्हणण्याचं आहे.

मेळ्याच्या काही आठवडे आधी ‘बोर्डगेमगीक’ या संकेतस्थळावर नव्या खेळांची मोठी यादी येते. प्रत्येक खेळाला ‘हवाच’, ‘रस आहे’, ‘अजून ठरलं नाही’ अशी खूण करता येते आणि स्टॉलचा क्रमांकही दिसतो. मेळ्याचं स्वतःचं अ‍ॅपही आहे. माझी पद्धत अशी:

पहिल्या फेरीत फक्त चित्र आणि खेळायला लागणारा वेळ बघून तीसेक खेळ निवडा. फार विचार नको. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हा मी घरी कुणाबरोबर खेळणार? घरी आई-बाबा आणि दहा वर्षांची भाची असेल, तर तीन तासांचा अंतराळयुद्धाचा खेळ कितीही देखणा असो, तो कपाटातच मरणार. तिसऱ्या फेरीत भाषा तपासा. पत्त्यांवर जर्मन मजकूर छापलेला असेल आणि इंग्रजी आवृत्ती नसेल, तर काट मारा. नुसती चिन्हं आणि आकडे असलेले खेळ बिनधास्त ठेवा. त्यांची नियमपुस्तिका नंतर नेटवर इंग्रजीत मिळून जाते.

उरलेले आठ-दहा खेळ दालनांप्रमाणे लावा. २०२३ पासून दालनांची मांडणी विषयवार झाली आहे, म्हणजे कुटुंबासाठीचे खेळ एकीकडे, मुरलेल्यांचे दुसरीकडे. नकाशा मात्र त्या-त्या वर्षीचाच घ्या. एका दालनातले खेळ एकाच सकाळी उरकायचे. दालन एक ते दालन सहा असं दिवसातून चारदा केलंत तर संध्याकाळी आषाढी वारी करून आल्यासारखे पाय बोलतील.

यादी करायचा कंटाळा असेल तर डब्यावरची सोंगटी बघा. ‘श्पील डेस यारेस’ हा जर्मनीतला वर्षातल्या खेळाचा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो. लाल सोंगटीची खूण असेल तर तो खेळ घरातल्या सगळ्यांना जमेल असा. करडी सोंगटी म्हणजे थोडा सराव असलेल्यांसाठी, निळी मुलांसाठी. पहिल्यांदा जाणाऱ्याला ही तीन रंगांची खूण पुष्कळ तारून नेते.

खुर्ची मिळवण्याची कला

सकाळी दार उघडल्यावर लोंढा ज्या मोठ्या स्टॉलकडे धावतो, तिकडे तुम्ही धावू नका. त्या पहिल्या तासात छोटे स्टॉल रिकामे असतात. एक टेबल, चार खुर्च्या आणि मागे खोक्यांच्या ढिगाऱ्यात बसलेला माणूस, जो बहुतेक वेळा त्या खेळाचा कर्ताच असतो. तैवान, कोरिया, जपानहून आलेले असे छोटे प्रकाशक मला सगळ्यात आवडतात. खेळ काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, नियम दहा मिनिटांत संपतात आणि समजावणाऱ्याचा उत्साह असा, की आपल्याच साखरपुड्याचं आमंत्रण देतोय.

मोठ्या स्टॉलवर मात्र डाव संपत आलेलं टेबल ओळखता यायला हवं. खुणा सांगतो. पत्त्यांचा गठ्ठा बोटभर जाडीचा उरला आहे. कुणीतरी गुणांची वही आणि पेन्सिल पुढे ओढली आहे. एक खेळाडू उभा राहून पटाचा फोटो काढतो आहे, म्हणजे तो जिंकतोय किंवा निघायच्या घाईत आहे. अशा टेबलाच्या बाजूला, कुणाच्या मानेवर श्वास पडणार नाही इतक्या अंतरावर, शांत उभं राहा आणि समजावणाऱ्याशी एकदा नजरानजर करून विचारा, “पुढे आम्ही?” त्याने मान हलवली की तुमचा नंबर लागला. तिथून हलू नका. सॅक ठेवून तर मुळीच नाही.

समजावणाऱ्यांना जर्मनीत लाडाने ‘एर्कलेअरबेअर’ म्हणतात, ‘समजावणारं अस्वल’. दिवसभर तेच तेच नियम सांगून त्यांचा घसा बसलेला असतो. इंग्रजी बहुतेकांना येतं, पण आधी विचारावं: “आउफ एंग्लिश, बिट्टे?” आणि रिकाम्या खुर्चीपाशी: “इस्ट हिअर नोख फ्राय?” म्हणजे ‘ही जागा मोकळी आहे का?’ एवढी दोन वाक्यं पाठ करा, काम भागतं.

एकटे जात असाल तर तोंड पाडू नका, तुम्हीच नशीबवान. चार जणांच्या खेळाला तिघे बसलेले दिसले की चौथा भिडू सगळ्यांना हवा असतो. मी एकटा असताना दिवसाला पाच-पाच खेळ खेळलोय. मामेभाऊ पुण्याहून आला त्या वर्षी आम्ही दोघं होतो आणि तीनवर अडकलो. पण दोघांचा एक फायदा आहे: एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने पुढचं टेबल हेरायचं. तासाभराने त्याचा फोन आला, “दादा, लवकर ये, पेन्सिल बाहेर काढलीये त्यांनी!” तेव्हा मला माझ्या शिकवणीचं चीज झाल्यासारखं वाटलं.

टेबलावर बसल्यावर

इथे अनोळखी लोकांबरोबर बसावं लागतं. समोर बेल्जियमचं जोडपं, शेजारी पोलंडचा विद्यार्थी, असं काहीही. नाव सांगा, हात पुसा, ऐका. नियम सांगणं चालू असताना सोंगट्यांशी चाळा करू नका. त्या त्यांना मोजून परत ठेवाव्या लागतात. समजलं नाही तर लगेच विचारा. आपण लहानपणी ‘लिंबूटिंबू’ म्हणून एखाद्याला खेळात घ्यायचो, तसं इथे स्वतःच सांगून टाका: “मी नवीन आहे, माझ्या चुका पोटात घाला.” कुणी नाक मुरडत नाही. उलट न विचारता खेळून शेवटी “मला वाटलं हे असं नाही” म्हणणारा भिडू सगळ्यांना नको असतो.

खेळायला बसतानाच विचारून घ्या की पूर्ण डाव आहे की दोन-तीन फेऱ्या. पुष्कळ ठिकाणी अर्धाच डाव खेळवतात, आणि ते बरोबरच आहे. खेळ आपल्या जातकुळीचा आहे का, हे कळायला तेवढं पुरतं. तुमची पाळी आली की पाच मिनिटं विचारात बुडू नका; इथे जिंकायला कुणी आलेलं नाही. डाव संपल्यावर पत्ते, सोंगट्या पहिल्यासारख्या लावायला हात लावा. विकत न घेता उठायला लाज वाटू देऊ नका. एक “डांके” पुरे.

आणि खेळ रटाळ निघाला तर? फेरी संपेपर्यंत थांबा आणि इतरांचा डाव मोडणार नसेल तर सांगून उठा. मी एकदा भिडस्तपणे अडीच तास मध्ययुगीन धान्यव्यापार केला. अजून जीवावर येतं.

पोटाचं काय

जर्मन भाषेत ‘एसेन’ म्हणजे जेवण. पण त्या नावाला जागेल असं जेवण मेळ्यात शोधू नका. सॉसेज, पोमेस म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, ब्रेत्सेल म्हणजे पिळाचा खारा पाव आणि ‘रायबेकूखन’: किसलेल्या बटाट्याची तळलेली चकती, सोबत सफरचंदाचा गर. शेवटची चवीला छान, पण तिच्यात बहुधा अंडं असतं, तेव्हा शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. रांगा साडेबारा ते दोन लांबलचक. साडेअकराला खा, कारण सगळे खायला गेले की खुर्च्या मोकळ्या होतात. दुपारी एक ही खुर्च्यांच्या दृष्टीने सोन्याची वेळ.

सोबत धपाटे किंवा ठेपले आणि कोरडी चटणी असेल तर उत्तमच. भारतातून येताना पेढे, तूप, चीज मात्र आणू नका. युरोपीय संघात बाहेरून येताना सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पाण्याची बाटली विकत घेतलीत तर रिकामी फेकू नका, तिच्यावर २५ सेंट अनामत असते, ती परत मिळते. आणि पोमेस खाल्लेल्या तेलकट बोटांनी कुणाच्या नव्याकोऱ्या पत्त्यांना शिवू नका. इतका मोठा गुन्हा या मेळ्यात दुसरा नाही.

बाहेर थंडी, आत हजारो माणसांची ऊब. अंगात एकावर एक कपडे घाला, जाड जाकीट सामानघरात ठेवा. रोज अंघोळ करा, हे लिहायची वेळ येऊ नये, पण शनिवारी दुपारी एखाद्या दालनात उभे राहा म्हणजे का लिहिलं ते कळेल. हात वारंवार धुवा, मेळ्याहून सर्दी घेऊन परतणारे ढिगाने असतात.

खरेदी

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पाकीट उघडायचं नाही, असा माझा नियम आहे, आणि तो मोडून शिकलेला आहे. पहिल्या वर्षी दाराशीच एका स्टॉलवर मोठं, जड, सुंदर खोकं घेतलं, न खेळता. दिवसभर वाहिलं. रात्री उघडलं तर नियमपुस्तिका फक्त जर्मनमध्ये, आणि पत्त्यांवर परिच्छेदच्या परिच्छेद. आजही ते माझ्या कपाटात सर्वांत वरच्या फळीवर आहे. काढायला स्टूल लागतं, म्हणून कुणी काढत नाही.

अपवाद दोनच. ज्याच्या मोजक्याच प्रती आणल्या आहेत असा छोट्या प्रकाशकाचा खेळ, आणि तुम्ही आधी ऑनलाइन मागणी नोंदवलेला खेळ. तो वेळेत उचला, नाही तर काही ठिकाणी ठरलेल्या दिवसानंतर दुसऱ्याला देऊन टाकतात.

कोणता नवा खेळ गाजतोय हे कळायला ‘फेअरप्ले’ मासिकाचा स्टॉल बघा. तिथे खेळून आलेले लोक गुण देतात आणि यादी दिवसभर बदलत राहते. पण सावधान: गुण जर्मन शाळेतल्यासारखे आहेत. १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे नापास. ४.५ बघून “वा, पाचपैकी साडेचार!” म्हणत धावलेला एक जण मी ओळखतो. तो मामेभाऊ.

कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, तरी थोडे रोख युरो असू द्या. भारतात परतणाऱ्यांनी एकाच पावतीवर ५० युरोंहून जास्त खरेदी केली असेल तर करपरतीचा फॉर्म मिळेल का, ते पैसे देण्याआधी विचारावं. जर्मनीत बहुतेक वस्तूंवर १९ टक्के कर असतो. पण फॉर्म देणं दुकानदाराच्या मर्जीवर आहे, आणि गजबजलेल्या स्टॉलवर पुष्कळ जण नाही म्हणतात. वाद घालू नका.

खोकी घरी नेताना

नेहमीचं चौकोनी खोकं साधारण ३० बाय ३० सेंटिमीटर, उंची सात. बॅगेत अशी सहा-सात मावतात आणि वजनाचा काटा तिथेच हसायला लागतो. ‘ग्लूमहेवन’सारखा एकटा खेळ सुमारे १० किलोंचा.

म्हणून शेवटच्या रात्री हॉटेलात बसून खोकी उघडा. पुठ्ठ्याच्या ताटातल्या सोंगट्या, नाणी सुटी करा आणि उरलेल्या चौकटी कचऱ्यात टाका; आश्चर्य वाटेल इतकं वजन कमी होतं. आतला प्लास्टिकचा साचा नको असेल तर तोही. मोठ्या खोक्याच्या पोकळीत छोट्या खेळांचे पत्ते पिशवीत भरून बसवा, मोजे कोपऱ्यांत कोंबा म्हणजे कोपरे दबत नाहीत. प्रत्येक पिशवीवर खेळाचं नाव लिहा. लाकडी ठोकळे सगळे सारखेच दिसतात आणि घरी गेल्यावर कुणाची मेंढी कुणाच्या शेतात, हे सोडवत बसावं लागतं.

करपरतीचा फॉर्म असेल तर ते खेळ बॅगेत सगळ्यात वर ठेवा. चेक-इनच्या आधी विमानतळावरच्या कस्टमच्या खिडकीपाशी वस्तू दाखवून शिक्का घ्यायचा असतो. आधी बॅग दिलीत आणि मग खिडकीपाशी गेलात, तर दाखवायला हातात काहीच नसतं.

एक छोटा पत्त्यांचा खेळ मात्र हातातल्या सॅकमध्येच राहू द्या. मधल्या विमानतळावर पाच-सहा तास काढायचे असतात, आणि तिथे खुर्च्याच खुर्च्या असतात.